गुरुवारचा उंचवटा

४ फेब्रुवारी

निरीक्षक महाशय,

'प्रिय' लिहावं की नाही यावर चहा गार होईपर्यंत विचार केला आणि सोडून दिला. कामाचंच बोलते.

तुझ्या वेधशाळेच्या नोंदीत गेले काही गुरुवार सकाळी एक उंचवटा येतो आहे. जेमतेम दीड नॅनोटेस्लाचा. अर्धा-पाऊण तास राहतो आणि जसा आला तसा गुपचूप निघून जातो. सूर्य शांत आहे. बाकीच्या एकाही वेधशाळेत त्याचा मागमूस नाही. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाला काही झालेलं नाही, तुझ्याच कुंपणाच्या आत कुणीतरी लोखंड घेऊन येतं आहे.

तू म्हणशील, दीड नॅनोटेस्लासाठी पत्र? पृथ्वीचं चुंबकत्व चाळीस हजारांच्या घरात, त्यात दीड म्हणजे किस झाड की पत्ती. पण असल्या पत्त्या मोजायचाच मला पगार मिळतो. इथे शहरात आम्ही सहा जण पाळीपाळीने बसतो. सकाळी सूर्याचे ताजे फोटो येतात. डाग मोजायचे, कुठला फुगला, कुठला पिळवटला ते बघायचं, आणि वीजवाल्यांना, विमानवाल्यांना, उपग्रहवाल्यांना सांगायचं की उद्या-परवा चुंबकीय वादळाची शक्यता इतके टक्के. आमच्या धंद्यात खात्री नसते, टक्के असतात. आणि वादळ खरंच आलं का, हे सांगतात तुझ्यासारख्या वेधशाळांमधल्या यंत्रांनी काढलेल्या रेघा. त्यामुळे तुझी रेघ मी रोज बघते. नाइलाज म्हणून बघते, असं समज.

त्या रेघेत मला तुझं अख्खं अंगण दिसतं. गवत कापायचं यंत्र शेडमधून काढलंस की कळतं. पाण्याचा टँकर आला की कळतं. दोन वर्षं आपण नुसते कागदोपत्री नवरा-बायको आहोत, पण एका छपराखाली राहणाऱ्या बायकांनासुद्धा नवऱ्याच्या दारात काय चाललंय हे एवढं कळत नसेल.

म्हणून विचारते. गुरुवारी कोण येतं? मी गणित मांडलं. दीड नॅनोटेस्ला म्हणजे बारा-पंधरा मीटरवर उभी केलेली स्कूटर. टँकर नाही, मोटार नाही, सायकल तर नाहीच नाही. स्कूटर. आणि गुरुवार तुझा हातमोजणीचा दिवस. त्या दिवशी तू लाकडी खोलीत पितळी दुर्बिणीसमोर बसतोस आणि चिटपाखराला फिरकू देत नाहीस. मला तू पहिल्या दिवशी केसातल्या एका पिनेसाठी दारातून परत पाठवलं होतंस. चपलांचे तळवे उलटे करून खिळे शोधले होतेस. आणि आता स्कूटर चालते?

फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहिलं तर तू 'बरं' एवढंच परत पाठवतोस. पत्राला निदान पानभर जागा तरी असते. ती जागा वापर आणि उत्तर दे.

अंदाज कक्ष


१७ फेब्रुवारी

निरीक्षक महाशय,

उत्तर मिळालं. "स्कूटर फाटकाबाहेर असते." पानभर जागेत तीन शब्द. त्यात एकही 'नाही' नाही. म्हणजे स्कूटर आहे!

मी अंधारात दगड मारला होता, तू बरोबर ओरडलास.

आता ऐक. फाटक साठ मीटरवर आहे. साठ मीटरवरच्या स्कूटरने तुझी रेघ केसभरही हलत नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. म्हणजे दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, तू किंवा पदार्थविज्ञान. पदार्थविज्ञानाला मी जास्त वर्षं ओळखते.

मग मी गुरुवारच्या हातमोजणीचे आकडे उघडले. आकड्यांच्या शेवटी मोजणाऱ्याची खूण असते. आपलं लग्न व्हायच्या आधीपासून तिथे तुझी खूण आहे. ताप असताना, तुझे वडील गेले त्या आठवड्यात, आपलं भांडण होऊन मी बॅग भरत होते त्या गुरुवारीसुद्धा तुझीच. आणि डिसेंबरपासून तिथे दुसरी खूण! मी आमच्या साहेबांना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. साहेब खुशीत होते.

"अहो, त्या भूमापनाच्या सर्व्हेअरबाई. होकायंत्रं तपासून घ्यायला वेधशाळेत गेल्या होत्या. तिथलं काम बघून अशा रमल्या की बदलीच मागितली. फार स्थिर हात आहे हो त्यांचा!"

स्थिर हात! मी डबा तसाच घरी आणला.

वीस वर्षं तू आत बसून आकडे वाचलेस आणि मी पडद्याआड बसून लिहून घेतले. आधी सहकारी म्हणून, मग बायको म्हणून. तू दुर्बिणीला डोळा लावून वाचायचास, मी लिहायचे, मग मान वर केलीस की हसायचास. आपलं लग्न त्या हसण्यावर जमलं. पण त्या वीस वर्षांत मला एकदाही दुर्बिणीसमोर बसू दिलं नाहीस. "तुझा हात घाईचा आहे," म्हणायचास. मी परीक्षा देऊन निरीक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं, ते भिंतीवर लावलं, तरी नाही. आणि ही कोण कुठली होकाबाई, दोन पेट्या होकायंत्रं घेऊन येते आणि थेट तुझ्या जागेवर बसते?

जुनं उगाळणार नव्हते, पण हात थांबत नाही. तुला ऐकू येईनासं झालं तेव्हा मी कानीकपाळी ओरडत राहिले. शेजारच्यांना आपलं सगळं कळायचं, एक तुला सोडून. मग डॉक्टर म्हणाले, कानामागे, कातडीखाली एक छोटं यंत्र बसवू, ऐकू येईल. पण त्या यंत्रात एक चुंबक असतं आणि ते कायमचं डोक्यात राहतं. आणि डोक्यात चुंबक असलेल्या माणसाला त्या लाकडी खोलीत पाऊल टाकता येत नाही, कारण पृथ्वीचं सोडून त्याचंच चुंबकत्व मोजलं जाईल. तू तिथल्या तिथे म्हणालास, "मग नको." एका पारड्यात बायकोचा आवाज, एका पारड्यात ती खोली, आणि तुला श्वास घेण्याइतकाही विचार करावा लागला नाही. म्हणून मी बदली मागून इथे आले.

इतके दिवस मी ती खोली हीच माझी सवत समजत होते. खोलीशी कसं भांडणार, म्हणून गप्प होते. आता सवतीकडे स्कूटर आहे.

कागदोपत्री बायको


२८ फेब्रुवारी

काल संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तुझ्या बहिणीला दोन गोष्टी कधीच जमल्या नाहीत, फोन लवकर ठेवणं आणि पोटात काही ठेवणं.

"वहिनी, दादाचं आता बरं चाललंय ना गं? टाक्यांच्या जागेला खाज येते म्हणाला होता."

"कसले टाके?"

"अगं, कानामागचे!" मग आवाज खाली आणून, "वहिनी... तुला सांगितलं नाही त्याने?"

"सांगितलं ना," मी म्हटलं. "मीच विसरले." एवढी अब्रू राखली. मग म्हणाले दुधाचं पातेलं उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

तर तू ऑपरेशन करून घेतलंस. डिसेंबरात. मला न सांगता. ज्या ऑपरेशनसाठी मी तुझ्यापुढे हात जोडले, रडले, एकदा तर डॉक्टरांसमोरच भिंतीला डोकं टेकून बसले, ते तू जाऊन निवांत करून आलास. खोली सोडलीस. म्हणून आकड्यांखाली तिची खूण आहे.

आणि मग रात्रीचं जेवण पुढ्यात असताना मला उंचवटा कळला. लांबचं मोठं लोखंड आणि जवळचं लहानसं चुंबक, रेघेत दोन्ही अगदी सारखी दिसतात. हे मी इथे नव्याने आलेल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते, आणि स्वतः मात्र स्कूटर धरून बसले. बारा मीटरवर स्कूटर नव्हतीच. दोन-अडीच मीटरवर तू होतास. लाकडी खोलीच्या मागच्या भिंतीला लागून, जिच्याखाली तळघरात रेघ काढणारं यंत्र आहे, तिथे तू उभा असतोस. दर गुरुवारी. ती आत असताना. डोक्यात चुंबक घेऊन, स्वतःच्या हाताने वाढवलेली नोंद स्वतः बिघडवत.

मला पिनेसाठी परत पाठवणारा तू!

माणूस एवढा वेडेपणा कशापायी करतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मी त्याच वयातून गेलेय. मी पडद्याआड बसायचे तेव्हा तूही असाच काही ना काही कारण काढून बाहेर यायचास.

ऐकू यायला लागलं हे चांगलंच झालं. मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही. तेवढी चांगली बाई मी नाही. मी जळतेय, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. माझ्यासाठी जे केलं नाहीस ते तिच्यासाठी केलंस. माझा आवाज तुला खोलीपेक्षा स्वस्त वाटला. तिचा महाग वाटला. काय बोलते ती एवढं? हसते का मोठ्याने? स्कूटरवाल्या बायका मोठ्याने हसतात.

शक्यता पंच्याऐंशी टक्के. उरलेले पंधरा मी स्वतःची समजूत काढायला ठेवलेत.


१३ मार्च

काल वादळ झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूने काय झालं ते सांगते.

मंगळवारी सकाळी सूर्याच्या मधोमध असलेला तो मोठा डाग फुटला. तिथून सुटलेला लोट सरळ आपल्या रोखाने निघाला होता, निदान मला तसं वाटलं. बाकीचे म्हणाले, बाजूने जाईल. साहेब म्हणाले, "उगाच सत्तर टक्के देऊ नका हो, नाही आलं तर वीजवाले वर्षभर नाव ठेवतील." मी सत्तरच दिले. सध्या मला कुणाचं ऐकायची इच्छा नसते.

गुरुवारी दुपारी वाटेवरच्या उपग्रहाने इशारा दिला आणि पाऊण तासात सगळ्या वेधशाळांच्या रेघा एकदम टुणकन वर उडाल्या. मग कोसळायला लागल्या. तुझी रेघ उडाली, घसरली आणि मध्येच तुटली. लाइन गेली. वीजवाल्यांना त्याच भागातले आकडे हवे होते, कारण तिकडचेच मोठे ट्रान्सफॉर्मर धोक्यात होते. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच लावा, तुमच्या घरचंच आहे." सगळे हसले.

मला वाटलं ती उचलेल. तू उचललास.

"हॅलो, वेधशाळा."

दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जरा सपाट झालाय. मी मुद्दाम नाव घेतलं नाही, मला बघायचं होतं.

"अंदाज कक्षातून बोलतेय," मी म्हटलं. "तुमची लाइन तुटलीय. आकडे तोंडी द्या."

"बोला मॅडम. लिहून घेता?"

मॅडम!

"घेते."

"आत्ता उणे एकशे नव्वद. घसरण चालू. दर मिनिटाला साधारण तीन."

मी आकडे परत म्हटले, तू "बरोबर" म्हणालास. माझं एकही वाक्य तुला दोनदा विचारावं लागलं नाही. किती वर्षांनी आपण एकमेकांशी न ओरडता बोललो. मी लिहीत होते, तू वाचत होतास. तेवढ्यात तुझ्यामागे लांबून कुणीतरी बाई काहीतरी म्हणाली, मला नीट कळलंही नाही, आणि तू लगेच म्हणालास, "हो, दार लावून घ्या, मी आहे इथे." तिचं खोलीभर लांबून पुटपुटणं तुला कळतं. माझं कानात बोललेलं तुला परकं.

"आणखी काही मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं.

वीजवाल्यांनी वेळेत भार उतरवला, एकही ट्रान्सफॉर्मर जळला नाही. इथे टाळ्या वाजल्या, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. एकोणीस वर्षांचं लग्न आणि शेवटी मॅडम!

घटस्फोटाचे कागद तयार करून पाठव. मी सही करते. मला आता टक्के काढायचे नाहीत, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.


१९ मार्च
(हे पत्र वेधशाळेतून मला आलं. अक्षर त्याचं नाही.)

ताई,

मी होकाबाई. स्कूटरवाली सवत तीही मीच. आज मोजणी आटोपली आणि लगेच लिहायला बसले, कारण उद्यापर्यंत थांबले तर धीर होणार नाही.

तुमचं तेरा तारखेचं पत्र काल मी मोठ्याने वाचलं. हो, मी वाचलं. आधीची सगळीसुद्धा मीच वाचलीत. कृपा करून पुढचं वाचा आणि मग काय हव्या त्या शिव्या द्या.

कानाचं ते यंत्र बसवलं की लगेच ऐकू येत नाही. टाके भरल्यावर महिनाभराने सुरू करतात, आणि मग सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येतात. बाई, बुवा, कुत्रं, सगळं सारखंच. मेंदूला नव्याने शिकवावं लागतं. त्यासाठी कुणीतरी रोज समोर बसून वाचायचं आणि सरांनी ऐकायचं. मजकूर ऐकणाऱ्याला आधीच पाठ असला तर कान लवकर शिकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. इथे आम्ही दोघं आणि एक वॉचमन, आणि वॉचमन तोतरा आहे. म्हणून काम माझ्याकडे आलं. मी पेपर वाचला, यंत्राच्या माहितीचं पुस्तक वाचलं, काही लागेना. सर चिडायचे, मी चिडायचे. मग एक दिवस त्यांनी कपाटातून तुमच्या पत्रांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "मला पाठ असलेलं एवढंच आहे."

मी म्हटलं, सर, बायकोची पत्रं परक्या बाईने वाचायची म्हणजे काय? म्हणाले, "भांडणंच आहेत. लाजण्यासारखं काही नाही." ते खरंच आहे. तुम्ही फार छान भांडता. फेब्रुवारीची पत्रं आली तेव्हा त्यांनी आधी स्वतः वाचली, मग माझ्याकडे दिली. स्वतःबद्दलचं असलं काही मोठ्याने वाचायला छाती लागते, हे तुम्ही कबूल कराल. 'होकाबाई' हा शब्द त्यांना पहिल्या दमात कळला. मला हसू आवरेना, मग तेही हसले. आणि हो, मी मोठ्याने हसते.

आता गुरुवारचं. ते भिंतीला उभे राहतात ते माझ्यासाठी नाही. माझ्यावर राग म्हणून. मी दुर्बिणीला डोळा लावला की बाहेरून आवाज येतो, "सावकाश!" मी आकडा घेतला की, "पुन्हा बघा!" मी किती वेळा सांगितलं, सर, तिथून बाजूला व्हा, रेघ हलते. म्हणतात, "तेवढा तुकडा मागाहून काढून टाकू." एकदा मी वैतागून विचारलं, तुम्हाला नेमकं होतंय काय? तर म्हणाले, "त्या जागेवर बसलेलं दुसरं कुणी मला बघवत नाही." मला वाटतं, हे दुखणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मला तुमचा नवरा नको, ताई. मला त्यांची खोली हवी आहे, आणि ती मी घेणार. त्यांना ते माहीत आहे म्हणूनच तर जळतात.

ऑपरेशन का केलं, हेही मी विचारलं. सांगू की नको असं झालंय, पण घटस्फोटाचं वाचल्यावर गप्प बसवत नाही. म्हणाले, "ती गेल्यावर पत्र वाचताना तिचा आवाज यायचा. प्रत्येक ओळीला. मग कमी कमी होत गेला. मागच्या वर्षी एक पत्र आलं, उघडलं, आणि ते नुसतं वाचून झालं. आवाज आलाच नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. तुम्हाला कळवा म्हटलं तर म्हणाले, आधी ऐकू येऊ दे, मग कळवेन, नाहीतर पुन्हा तिची निराशा.

फोनवर त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही, त्यात चूक माझी आहे. दोन महिने तुमचे शब्द त्यांनी माझ्या गळ्यातून ऐकलेत. त्यांच्या कानात आता तुमच्या बोलण्याला माझा आवाज आहे. काल पत्र वाचलं तेव्हा त्यांना कळलं की ती मॅडम कोण होती. तो भाग त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. मग उठून बाहेर गेले आणि जेवायला आले नाहीत.

कागद कुणीही तयार केलेले नाहीत. मी तरी ते टाइप करणार नाही.


२३ मार्च

ऐक,

तिचं पत्र आलं. वाचलं, फेकलं, उचललं, पुन्हा वाचलं.

कुणावर चिडावं हेच कळेना, म्हणून सगळ्यांवर चिडले. आमच्या साहेबांना उलट बोलले. तुझ्या बहिणीला फोन करून अर्धा तास ऐकवलं, तिने बिचारीने फोन ठेवला नाही. तुझ्यावर तर इतकी चिडले की दोन दिवस लिहिता आलं नाही. अरे, मी तुला जे जे बोलले, टोमणे, शिव्या, रडणं, सगळं तू तिच्या तोंडून ऐकलंस! लग्नातली भांडणं तरी आपली आपण करायची असतात. तीही बाहेरच्या बाईकडून करून घेतलीस. आणि तिचा हात स्थिर आहे म्हणतात. माझं ते घाईचं अक्षर तिने न अडखळता वाचलं असणार, त्याचाही मला राग आहे.

आणि उंचवटा! माझा अंदाज इतका सपशेल कधीच फसला नव्हता. भिंतीबाहेर पाऊण तास उभं राहायचं, आतल्या माणसाच्या हातावर लक्ष ठेवायचं, तो आपल्याहून बरा तर नाही ना म्हणून तडफडायचं. मी ते प्रेम समजले. इतकी वर्षं पडद्याआड बसून मी दुसरं काय करत होते? निदान मला तरी ते ओळखता यायला हवं होतं.

खोली गेल्याचं तुला किती दुखतंय ते मला कळतं. ते मी भरून देऊ शकत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटलं. राहू दे ती तिच्याकडे. तिने मिळवलीय.

पण मला न सांगता, एकट्याने, भूल घेऊन त्या टेबलावर जाऊन पडलास. बाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं तुझ्यासाठी? तुझी बहीण. मी बसायला हवं होतं. याचा राग मात्र लवकर जाणार नाही, आधीच सांगून ठेवते.

बुधवारपासून रजा टाकलीय. साहेब म्हणाले, "दिवस-रात्र सारखी होण्याचे दिवस, वादळांचा हंगाम, आणि आत्ता रजा?" मी म्हटलं, चार दिवस टक्के दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बरोबर घेऊन येते. ते तू वाचायचं नाहीस आणि तिने तर मुळीच नाही. मी समोर बसून वाचणार. जुनीही सगळी मीच वाचणार, अगदी पहिल्यापासून, शिव्यांसकट. तिची माफी मागायची ती मी फाटकाबाहेर, तिच्या स्कूटरशी उभी राहून मागेन, त्यात तू पडू नकोस. कागदांचं काय करायचं ते माझं सगळं ऐकून झाल्यावर ठरव. मीही तेव्हाच ठरवीन.

पहिले काही दिवस मी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटेन, ते कळलंय मला. मॅडम म्हणालास तरी चालेल. पण माझा आवाज तुला माझा म्हणून ओळखू येईपर्यंत त्या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. रेडिओसुद्धा नाही.